मोहेंजोदडोची नाली

"तिले नाली द्या," सर माझ्याकडं बोट करून म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

भिंतीवर मोहेंजोदडो उभं होतं. जळगाव जामोदकडच्या आमच्या गावच्या शाळेत नवा प्रोजेक्टर आला होता, नेट आलं होतं. इतिहासाचा धडा खेळासारखा. क्लिक केलं की घराचं दार उघडायचं, आत जाता यायचं. प्रत्येकानं त्या शहरातलं एक माणूस व्हायचं. सरांची पोरगी आमच्याच वर्गात. ती व्यापारी झाली. मला मुद्रा कोरणारी व्हायचं होतं. तसं मी सांगितलंही.

"मुद्रा राहू दे. तुमच्या घरचं काम घे."

आमच्या घरचं काम. माझी आई कापूस वेचायची. नाली आमच्यात कोणी साफ केली नव्हती. केली असती, तरी हजारो वर्षांमागच्या शहरात ती माझ्या गळ्यात का? पण आम्ही बौद्ध, गावाच्या त्या टोकाचे. वर्गाला तेवढं पुरे होतं.

माउस माझ्या हातात. पडद्यावर वाकलेली बाई, तिच्या हातात टोपलं. खाली 'सुरू करा'. ते दाबल्याशिवाय काही सरकत नव्हतं. मागे पोरं, बाजूला सर. उजेड नको म्हणून दारही लावलेलं.

"दाब नं वं. खेळच तं हाय."

"खेळ हाय तं तुमच्या पोरीले द्या, सर."

हसणं थांबलं. सरांनी माउस हिसकावला. दंडाला धरून मला बाहेर काढलं.

त्या साली बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली होती. वेचायला कापूस उरला होता तो सरांच्या भावाच्या वावरात. आई तिथंच जायची. संध्याकाळी सरांचा निरोप आला. आई मला सरांच्या घरी घेऊन गेली. आम्ही पायरीखाली उभ्या.

"लेकरू हाय सर. चुकलं."

"तिनं म्हणावं."

आईची बोटं माझ्या मानेत रुतली. मी तोंड उघडलं नाही.

सकाळी आईला वेचणीचं बोलावणं आलं नाही. ती चुलीपुढं नुसती बसून होती.

"म्हटलं असतं चुकलं, तं काय गेलं असतं तुह्यं?"

"मंग रोज म्हणा लागलं असतं."

मी दप्तर उचललं. गावात शाळा एकच. इतिहासाचा तास सरांचाच. पळायला जागा नव्हती. मग पळायचंच नाही. पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्या शहरात मी कोण, ते मी सांगणार. सरांनी ऐकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगणार.