चिमाबाईचे हात

सिल्वासात जयवंत पेंटरची भिंत ओळखायला खालची सही शोधावी लागत नाही. चित्रातली माणसंच ओळखीची निघतात.

शिरपूरकडून तो आला तो धाग्याच्या कंपनीत मशीनवर. तिथे सुरक्षेच्या छापील पाट्या होत्या, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. मग जयवंतने एका पुठ्ठ्यावर शेजारचा चिंधाभाऊ काढला, मफलर मशीनमध्ये अडकलेला, डोळे पांढरे झालेले. कॅन्टीनच्या दारात तो लावला. चिंधाभाऊ आठवडाभर बोलला नाही, पण मफलर घालून मशीनपाशी जाणं मात्र सगळ्यांनी सोडलं. साहेबांनी जयवंतच्या हाती ब्रश दिला तो कायमचा. पुढे श्रावणात खानदेशी मंडळी कानबाई देवी बसवतात, तिच्यामागचा पडदा त्यानेच रंगवायचा असं ठरून गेलं. मग अंगणवाड्या, दुधनी, सुरंगीच्या शाळा. वीस वर्षं देवाने हाताला यश दिलं.

त्याची एक रीत होती. चेहरे तो आठवणीतून काढी, हात मात्र समोर बघूनच. ड्युटीवरून दमून आलेला माणूस हात धरून कशाला बसेल? म्हणून संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की बायको, चिमाबाई, समोर बसे. कधी खडू धरून, कधी लाटणं, कधी नुसतीच मूठ. तोंडाने स्तोत्र चालू, हात मात्र जागचा हलायचा नाही.

यंदा खानवेलच्या एका शाळेची लांबच लांब भिंत मिळाली. गावात कामं करणारी माणसं काढायची होती. डॉक्टरीण, शाळेच्या बाई, मासे धरणारी, आणि सिल्वासाच्या बसचा झुपकेदार मिशांचा ड्रायव्हर. शनिवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब बघायला येणार होते. गुरुवारी मुख्याध्यापक रमाकांत सर भिंतीपुढे आले. मूळचे कोकणातले, माणूस सरळ पण बोलणं तिरकस.

"जयवंतराव, ड्रायव्हरच्या मनगटावर तुळशीवृंदावन कुणी गोंदलं हो?"

जयवंत जवळ गेला. ड्रायव्हरच्या मनगटावर होतं. डॉक्टरणीच्याही होतं. बाईंच्या, मासेवालीच्या, सगळ्यांच्या. लहानपणी चिमाबाईच्या हातावर गोंदलेलं वृंदावन, अगदी तीन ठिपक्यांसकट. सर म्हणाले, उद्यापर्यंत नीट करा, नाहीतर चुना मारून भिंत कोरी दाखवतो.

महिनाभराचं काम. जयवंतला घास गोड लागेना. अंगणवाड्या, पडदे, सगळं आठवून त्याने रात्री बायकोला हळूच विचारलं, तुला माहीत होतं का?

"पहिल्यापासून," चिमाबाई भाकरी थापत म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम काढता."

शुक्रवारी ती त्याच्याबरोबर खानवेलच्या बसमध्ये चढली. जयवंतने आधी डॉक्टरणीचा हात पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला घेतला. नवीन हातासाठी शाळेतल्या वैशाली बाईंना समोर बसवलं. पण बाईंचं लक्ष वर्गाकडे, बोटं सारखी वळवळत. हात निघाला तो काकडीसारखा. तेवढ्यात शाळा सुटली आणि मुलांना न्यायला आया आल्या. त्यातली केसरबाई, शाळेत खिचडी शिजवणारी, पत्रा हातात घेतलेल्या जयवंतला म्हणाली, हे का पुसता? मग तिने आपलं मनगट बाजूच्या मासेवालीच्या हाताशी धरलं. तिच्याही मनगटावर हिरवे ठिपके होते. दुसरीने धरलं, तिसरीने धरलं.

"सर, आमच्या पोरी डॉक्टरीण झाल्या तर हातावरचं गोंदण धुऊन होतील काय?" केसरबाईने विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. बायकांचे राहू द्या म्हणाले, पण मिशीवाल्याच्या हातावर वृंदावन साहेबांना कसं समजावू?

जयवंतने पत्रा उचलला. चिमाबाईने त्याचा हात धरला.

"खरवडू नका. त्याला घड्याळ घाला."

पाच मिनिटांत ड्रायव्हरच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ चढलं. सर मान हलवत आत गेले. डॉक्टरणीचा काकडीसारखा हात पुसायचा होता. चिमाबाई भिंतीपुढच्या स्टुलावर बसली, हात पुढे धरला आणि स्तोत्र सुरू केलं. जयवंतने बोटं काढली, तळवा काढला, आणि शेवटी बारीक ब्रश घेऊन, या वेळी जाणूनबुजून, तीन ठिपके दिले.

परतीच्या बसमध्ये चिमाबाई आपल्या मनगटाकडे पाहत म्हणाली, "चला, एवढ्या वर्षांनी मला घड्याळ मिळालं."