बदललेला कपॅसिटर

प्रियदर्शनी मुदखेडची. वडील रामकिशन रेल्वेत ट्रॅकमन होते. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाल्यावर ती लातूरच्या एमआयडीसीत महांतेश यांच्या छोट्या कारखान्यात लागली. तिथे दवाखान्यांच्या यंत्रांसाठी पॉवर सप्लाय बनायचे, आणि त्यांचं डिझाईन तिच्याकडे होतं.

जानेवारीत आई, पंचशीला, वारली. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी कामावर हजर झाली. रडू आलं नव्हतं. डबा आणायची, खायची, पण काय खाल्लं ते आठवायचं नाही.

मार्चमध्ये देगलूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. बाळाला वेळीच दुसऱ्या वॉर्मरवर हलवलं होतं. त्याच आठवड्यात आणखी दोन दवाखान्यांनी तेच कळवलं.

तिने परत आलेला सप्लाय टेबलावर घेतला आणि लोड एकदम वाढवला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बारा व्होल्टची सरळ रेघ खाली गेली, वर उसळली, पुन्हा खाली. सात-आठ हेलकावे. पूर्वी एकाच हेलकाव्यात ती स्थिर व्हायची.

असा सप्लाय आपलंच आउटपुट सतत तपासतो आणि कमी-जास्त झालं की दुरुस्त करतो. दुरुस्ती उशिरा पोचली तर चूक मिटायच्या ऐवजी वाढते. किती दुरुस्ती करायची आणि किती वेगाने, हे फीडबॅकमधले दोन-तीन छोटे भाग ठरवतात. ते तिनेच निवडलेले होते आणि बरोबर होते.

मग तिने आउटपुटचा कपॅसिटर पाहिला. कंपनी वेगळी होती. हा नवा कपॅसिटर चांगला होता, त्याचा आतला रोध कमी. पण जुन्याच्या त्या जास्त रोधावरच तिच्या हिशोबातली स्थिरता टेकली होती.

बदलाला मंजुरी कोणी दिली ते तिने फाईलमध्ये पाहिलं. नाव तिचंच होतं. आई जाऊन तिसरा दिवस होता. कारखान्यातून फोन आला होता, "मॅडम, दुसऱ्या कंपनीचा चालेल का?" ती म्हणाली होती, "चालेल."

ती महांतेशांकडे गेली. "सर, चूक माझी आहे. मी तपासलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवसांत तुम्हाला फोन कराया नको होता आम्ही."

"पण मी हो म्हणाले."

त्यांनी बाहेर गेलेल्या सप्लायची यादी काढायला घेतली.

पुढचे बारा दिवस ती तो तपासणी-दुरुस्तीचा फेरा, म्हणजे लूप, मोजत बसली. दुरुस्तीचा वेग कमी केला, फीडबॅकमधला एक रोधक आणि दोन कपॅसिटर बदलले. सप्लाय गरम करून पाहिला, बर्फाच्या पेटीत ठेवून पाहिला. रेघ एकदा खाली जाऊन जागेवर येत होती. आनंद व्हायला हवा होता. तिने आकडे लिहून घेतले.

बाहेर गेलेले एकतीस सप्लाय परत मागवायचं ठरलं. देगलूरला ती स्वतः गेली. सकाळची वेळ, खोलीत सिस्टर शरणम्मा होत्या. नवा सप्लाय बसवून प्रियदर्शनीने हीटर पाच-सहा वेळा चालू-बंद केला.

"लई त्रास दिला बघा यानं," शरणम्मा म्हणाल्या. "आता न्हाई ना बंद पडायचं?"

"नाही. आधीची चूक माझी होती."

शरणम्मांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "जेवलात का? घरी कोण हाय तुमच्या?"

"आई आहे, बाबा आहेत," ती म्हणाली. मग थांबली. "आई नाही. जानेवारीत गेली."

हे तिने पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने कोणाला सांगितलं होतं. शरणम्मांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. डोळे कोरडेच होते.

ती लातूरला परतली नाही. नांदेडची बस धरून दुपारी मुदखेडला पोचली. रामकिशन दारात उभे होते.

"आज कशी काय गं? सुट्टी हाय?"

"नाही बाबा. आले."

त्यांनी खिचडी टाकली. मीठ जास्त झालं होतं, ते तिला पहिल्याच घासाला कळलं. तिने पाणी मागितलं आणि उरलेली खाल्ली.