कुपनाची मागची बाजू

साप्ताहिक आमचं पुढं बंदच पडलं. धुळ्यात तेव्हा गल्लोगल्ली साप्ताहिकं निघायची आणि गल्लोगल्ली बंद पडायची, त्यातलंच ते एक. त्याचं मला आता काही वाटत नाही. पण अजूनही कुठं ‘कूपन कापा, बक्षीस मिळवा’ असं दिसलं की माझं टाळकं सटकतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चहाच्या पुड्यावरचं कूपनसुद्धा माझ्यासमोर कुणी कापत नाही.

चार पानांचं साप्ताहिक. संपादक आमचे हे, आणि संपादकाची बायको म्हणून उरलेलं सगळं मी. घड्या घाला, पत्ते चिकटवा, तिकिटं लावा, एसटीच्या कंडक्टरला चहा पाजून गठ्ठे चढवा. छापखाना घराच्याच पुढच्या पत्र्याच्या खोलीत होता. एक वयस्कर कंपोझिटर होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते उभ्यानं खिळे जुळवायचे, आणि शाईचा नि रॉकेलचा वास थेट माझ्या पोळ्यांना लागायचा. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होत असेल, ते धुळ्याचा उन्हाळा काढलेल्याला सांगायला नको, आणि न काढलेल्याला सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात माझं सदर असायचं. झालं असं, की एकदा एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. तिथं काय टाकायचं म्हणून यांनी डोक्याला हात लावला, तेव्हा मी चुलीपाशी बसून चार ओळी लिहून दिल्या. बायकांच्या गोष्टी. पाणी भरायच्या, पापडांच्या, एसटी स्टँडवर लेकरू कडेवर घेऊन उभं राहायच्या. त्या छापल्या गेल्या, मग दर आठवड्याला नाना खिडकीतून ओरडायचे, ‘वहिनी, तुमचा कोपरा मोकळा आहे बरं का!’ खाली नाव नसायचं. सुनेचं नाव पेपरात आलेलं सासऱ्यांना खपलं नसतं, आणि यांना ते सांगायची हिंमत नव्हती.

किती वर्षं लिहिलं मी ते. पत्र म्हणून आलं नाही कधी. कुणी रस्त्यात थांबवून बोललं नाही. बोलणार कसं, नावच नाही तर! मला फार काही नको होतं. घरचं नसलेल्या एखाद्या माणसानं नुसतं म्हणावं, की हे मी वाचलं. बस. त्या एका वाक्यासाठी मी भाजी फोडणीला टाकता टाकता वाक्यं जुळवत बसायची.

मग एक दिवस हे जळगावहून आले ते वारं प्यायल्यासारखे. तिथल्या आमच्या एजंटानं यांच्या डोक्यात भरवलं होतं, की खप वाढवायचा तर बक्षीस योजना काढा. मोठमोठे पेपर काढतात, तुम्ही का नाही? यांनी जेवता जेवताच जाहीर केलं. ‘दिवाळीपर्यंत खप वाढला तर ठीक. नाहीतर बंद करतो. मलाही आता होत नाही.’

मी वाढायची थांबले. साप्ताहिक बंद म्हणजे माझा कोपराही बंद, हे यांच्या गावीही नव्हतं.

‘काढा मग योजना,’ मी म्हटलं. ‘वाचणारे वाढत असतील तर का नको?’

बक्षीस म्हणून यांना रंगीत टीव्हीच हवा होता. टीव्हीच्या दुकानदारानं पाणीही विचारलं नाही. शेवटी ओळखीच्या एका शिलाई मशीनवाल्यानं, शेवटचं अख्खं पान जाहिरातीला देत असाल तर, म्हणून एक मशीन द्यायचं कबूल केलं. सलग आठ अंकांतली आठ कूपनं कापायची, छापील तक्त्यावर खळीनं चिकटवायची, आणून द्यायची. मग सगळ्यांसमोर सोडत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या अंकापासून सुरुवात करायचं ठरलं.

त्या आखाजीला माझा भाऊ मला न्यायला आला होता. माहेर माझं फैजपूरकडचं. आखाजीला लेकी माहेरी जातात; न्यायला आलेल्या भावाला मोकळं परत पाठवायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. पण योजनेचा पहिला अंक, दुप्पट छपाई, घड्या कोण घालणार? भाऊ चहा पिऊन एकटाच गेला. मी रडले नाही, मला रडायला वेळ नव्हता. पण त्या आठवड्याचं सदर मी एका अशा बाईवर लिहिलं, जिला न्यायला येणारं कुणी उरलंच नाही, आणि आखाजीच्या दिवशी ती घरातली एकच भिंत पुन्हा पुन्हा सारवत बसते. मला ते चांगलं उतरलंय असं वाटलं. असं मला फार वेळा वाटलेलं नाही.

छापायच्या दिवशी ओला कागद हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं. कूपन पहिल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात. पान उलटलं, की त्याच्या बरोब्बर पाठीमागं माझं सदर.

‘अहो, हे काय? कूपन कापलं की माझं सदर जातंय की!’

‘मग कुठं टाकू?’ हे म्हणाले. ‘तिसऱ्या पानावर टाकलं तर मागं मशीनवाल्याची जाहिरात. ती कापली गेली तर तो मशीन देईल का? पहिल्याच पानावर वर टाकलं तर मागं टेंडर नोटीस.’

‘त्या मधल्या चौकटीत टाका.’

‘तिच्यामागं गंधमुक्तीच्या बातम्या येतात. कापल्या गेल्या तर लोक दारावर जायचे राहतील. मयताच्या घरचे येऊन मला मारतील ना!’

ते खरंच होतं. आमच्याकडं गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा विधी, कधी आहे, कुणाच्या दारावर भेटायला जायचं आहे, हे बघायला म्हणून तर निम्मे लोक पेपर उघडायचे. मी कागद खाली ठेवला. तेव्हा हे अगदी सहज, काही वाईट मनात न ठेवता म्हणाले, ‘तुझं आपलं घरचंच आहे. तू थोडीच भांडायला येणार आहेस?’

नाना खाली मान घालून खिळे डब्यात टाकत राहिले. मी घड्या घालायला बसले.

खप वाढला, बाई! असा वाढला की बास. नरडाण्याहून, सोनगीरहून एजंटांचे निरोप, अजून गठ्ठे पाठवा. जळगावचा एजंट म्हणे स्टँडवर लोक अंकासाठी हुज्जत घालतात. एकेक माणूस पाच-पाच अंक घ्यायचा. हे खुशीत शीळ वाजवायचे. माझा मात्र पार पिट्टा पडला होता. बोटांच्या पेरांना शाई, पाठीला रग, आणि डोक्यात एकच, की एवढे अंक जातायत तर वाचतंय कोण?

त्याचं उत्तर मला फैजपुरात मिळालं. चौथ्या का पाचव्या अंकानंतर दोन दिवस माहेरी गेले होते. बाजारात भावानं भजी घेतली. भजीवाल्यानं पुडा बांधून दिला तो आमच्याच साप्ताहिकात. मी ओळखला ना लगेच. हातात घेतला तर कोपऱ्यातलं चौकोनी भोक माझ्या तळहातावर, आणि त्यातून गरम तेल थेट हाताला. मी आईगं म्हणून पुडा टाकून दिला. भजीवाल्याच्या बाकड्याखाली अख्खा गठ्ठा होता, सगळ्यांना तेच भोक. लोक अंक विकत घेत, तिथंच कूपन कापून खिशात घालत आणि राहिलेला पेपर त्याच्याकडं टाकून जात. वाचणं बिचणं काही नाही. गंधमुक्त्यासुद्धा कुणी वाचल्या नसतील.

भाऊ हसायला लागला. ‘तुमचा पेपर भारी चालून राहिला बुवा!’ म्हणाला. मी त्याच्यावर अशी काही खेकसले, की तो घरापर्यंत बोलला नाही. त्याची बिचाऱ्याची काय चूक? त्याला कुठं माहीत होतं, की त्या भोकात काय होतं ते.

परत आल्यावर मी यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘आधी पेपर हातात तर पडू दे. वाचतील हळूहळू.’ मीही लिहीत राहिले. पण त्या उरलेल्या अंकांसाठी मी जे लिहिलं ते मुद्दाम वाईट लिहिलं. कशाला जीव ओतायचा? मेलं कात्रीखालीच जायचंय.

तक्ते आणून द्यायचा शेवटचा दिवस. हे जळगावला गेले होते, तिकडचे तक्ते गोळा करायला. दुपारची वेळ, नाना जेवायला घरी. मी एकटीच पत्र्याच्या खोलीत आलेले तक्ते सुतळीनं बांधत होते. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. पदर घामानं चिकटलेला, हातात कापडी पिशवी. सोनगीरहून एसटीनं आली होती. मशीन तिला लागलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशेवर राहायला नको. ते नरडाण्याच्या एका व्यापाऱ्याला लागलं. त्यानं गठ्ठेच्या गठ्ठे घेतले होते.

‘आठेच छापतस ना हाऊ पेपर?’ तिनं तिच्या बोलीत विचारलं, इथंच ना म्हणून.

मी हो म्हटलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिनं पिशवीतून आठ अंक काढले. नीट घड्या घातलेले, एकाही अंकाला भोक नाही. तक्ता वेगळा, कोरा.

‘कूपनं कापली नाहीत?’

‘नही, अक्का.’ तिनं अंक उलटा करून माझ्यापुढं धरला आणि माझ्या सदरावर बोट ठेवलं. ‘मांगे हाई लिखेल शे ना. कसं कापाव?’

मी तिच्याकडं नुसती बघत राहिले. तिला वाटलं मी रागावले. मग तिनं घाईघाईनं सांगितलं, की ती गावातल्या बायकांची पोलकी हातानं शिवते, मशीन मिळालं तर फार बरं होईल, पण कात्री लावायला हात धजला नाही. अंक अख्खेच घ्या, कूपनं आहेत तशी मोजा, आणि पेपर माझा मला परत द्या.

‘कोण लिहितं ते ठाऊक आहे का?’ मी विचारलं.

‘ते माले काय मालूम? व्हई कोणी बाई.’ तिनं आखाजीचा अंक वर काढला. ‘पन हाई मन्हंच शे. माले बी कोणी लेवाले येत नही.’ तिलाही न्यायला येणारं कुणी नव्हतं.

मी लिहिते, असं सांगायला तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ. पण समोर ती परक्याच्या अंगणात आल्यासारखी अंग चोरून बसलेली, तिला मशीन हवंय, आणि मी तिला काय सांगणार, की ते मी लिहिलंय, आता मला शाबासकी दे? मी तोंड मिटलं.

नियम काय तो तिला समजावून सांगितला. चिकटवलेली कूपनंच चालतात. सोडतीच्या पिंपात तक्तेच टाकतात, आणि एकीचा अख्खा पेपर घेतला तर उद्या लोक लबाडी म्हणून बोंब मारतील. ऑफिसात जादा अंक असते तर मीच कापून दिले असते, पण ते कुपनांपायी केव्हाच उडाले होते. फाइलची एक प्रत होती, तिला हे कुणाला हात लावू देत नसत. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘नका कापू. मशीन लागेलच कशावरून? राहू द्या तुमचे पेपर तुमच्याकडं.’

हे मी कुणासाठी म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तिनं आठही अंक एकावर एक नीट लावले. मग म्हणाली, ‘कात्री शे का?’

मी नानांच्या टेबलावरची कात्री तिला दिली. तिनं आठही अंक कापले. सावकाश, रेघेला धरून, पोलक्याचा गळा कापावा तसे. आखाजीचा अंक तिनं शेवटी घेतला. तो कापायच्या आधी तिनं उलटा करून एकदा पाहिला. नंतर भोकं पडलेले आठही अंक पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवले.

‘ते कशाला आता?’ मी म्हटलं. ‘त्यात काय राहिलंय?’

‘ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘इतलं माले पाठ शे.’

आणि ती म्हणायला लागली. आमच्या मराठीत, शाळेतल्या पोरीसारखी थांबत थांबत. ‘आखाजीला गावातल्या सगळ्या वाटा माहेराकडं जातात, माझ्या दारापुढची तेवढी विहिरीपर्यंतच जाते.’ तिच्या तोंडून ऐकताना ते माझं वाटेना.

तिचा हात घामेजलेला होता, म्हणून चिकटवायचं काम मी घेतलं. एकेक कूपन उलटं ठेवायचं, मागच्या बाजूला खळ लावायची, तक्त्यावर दाबायचं. ती म्हणत होती आणि मी माझ्याच ओळींवर बोटानं खळ फासत होते.