आंझुलाच्या घरचा पाहुणा

वीस वर्षं घराबाहेर भटकलेल्या राजाची ती जुनी कथा आमच्या बेटावर दर हिवाळ्यात होते. का नाही होणार, राजा आमचाच. चुलीपाशी वाट बघत बसलेल्या बाईला वाटतं, तो आला तसा आपलाही येईल. म्हणूनच एवढी युगं लोटली तरी त्या कथेची गोडी ओसरली नाही.

माझी शेजारीण आंझुला मात्र कधी हरखली नाही. म्हणायची, "राजा आला गं, पण त्याच्या गलबतावरची पोरं? एकही परतलं नाही. त्यांच्या आया कुणाच्या खिजगणतीत तरी आहेत का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी डाफरायचे. तिचा एकुलता एक स्टाथिस कप्तान पानागिसच्या गलबतावर खलाशी होता. नवरा समुद्राने आधीच गिळलेला. लोकांची जाळी विणून तिने पोर वाढवलं, आणि समुद्रावर जाऊ नको म्हणून त्याच्याशी कडाकडा भांडलीही. पण आमच्या खडकावर दुसरं पिकतं काय?

त्या वर्षी दक्षिणेचा वारा सुटला तो थांबेचना. गलबताचा पत्ता नव्हता. बाया कथा सांगणाऱ्या गुरुजींकडे त्या राजाची कथा ऐकायला गेल्या. आंझुला गेली नाही, म्हणून मीही तिच्यापाशी घेवडा निवडत बसले.

भर दुपारी गल्लीत कप्तान पानागिस दिसला. एकटाच, अंगात परक्याचा कोट. स्वतःच्या दारावरून तो तसाच पुढे आला आणि आंझुलाच्या उंबऱ्यापाशी थांबला.

"मावशी, तुला सांगायचं होतं—"

"आधी जेवा, कप्तान."

समुद्रावरून आलेल्याला आधी जेवू घालायचं, त्याचं पोट भरल्याशिवाय आपण काही विचारायचं नाही की त्याने काही सांगायचं नाही, ही आमची रीत त्या राजाच्याही आधीची. आंझुलाने चुलीवर तयार असलेलं घेवड्याचं कढण वाढलं, जवाची भाकरी ठेवली. कप्तानाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी त्याने ताटली संपवली. तिने लगेच पुन्हा भरली. पुन्हा संपली, पुन्हा भरली.

"आंझुला, पुरे गं," मी म्हणाले.

"पाहुणा अजून भुकेला आहे."

कप्तानाने वर पाहिलं नाही. मान खाली घालून खात राहिला. शेवटी पळी पातेल्याच्या बुडाला खरवडली, तशी आंझुला माझ्याकडे वळली. "तुझ्याकडे काही शिजलंय?"

मी धावत गेले आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं घेऊन आले.