तेव्हाबी पाठ, आत्ताबी पाठच

माझीच गोष्ट आणि मलाच तोंड न्हाय! दुपारपास्नं डोकं तापलंय. आधी हे ऐका, रामराम मागनं घालते.

लई वर्षांपूर्वी आमच्या माढ्याकडं एका मालिकेचं शूटिंग झालं. मालिका घराघरात गाजली. त्यात नटी डोक्यावर तीन घागरी घेऊन विहिरीवरनं येते, ती पाठ माझी हाय. नटीला एक घागर पेलंना, म्हणून मला चालवली. सासरा म्हणाला, "सुनेचं तोंड दिसता कामा न्हाय." न्हाय दिसलं.

आता ती मालिका कशी झाली, त्यावर नवी मालिका काढत्यात. आज सोलापुरात तिच्यासाठी माणसं निवडत होते. माझं काम नातीनं करावं, म्हणून रेखाला घेऊन गेले. ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते.

निवडणारी बाई म्हणाली, "वळा. चाला. छान!"

मी म्हणलं, "अगं, पोरीचं तोंड तर बघ."

"आजी, चेहरा लागत नाही. सीनमध्ये पाठच दिसणार आहे."

"आणि त्या वेळी शूटिंगवर चहा वाटायचा, तो चहावाला?"

"त्याला दोन डायलॉग आहेत ना!"

चहावाल्याला तोंड, मला पाठ! रेखाला हाताला धरून बाहेर काढली आणि घरी आले.

तेव्हा सासऱ्याचा धाक होता, गप बसले. आता ही मंडळी माझे कुठले सासरे लागून गेले?

ह्याचं उत्तर नव्या मालिकेच्या दिग्दर्शकानंच द्यायचं. बाकीच्यांनी ह्या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका.