कडबाकुट्टीचं तोंड

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. पण आमच्या पाथर्डीच्या बाजूला विहिरीवरची मोटार जळली, नाहीतर पेरणीयंत्र अडलं, की माणूस माझ्या दारात यायचा. अजून येतो. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, खोटं कशाला लिहू.

माझी नात नगरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. होळीच्या सुट्टीत घरी आली. सकाळची न्याहारी झाल्यावर आम्ही दोघं ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. परीक्षेला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती, तिची गोष्ट ती मला सांगायला लागली.

"आबा, तुमाला आवडंल. एक लई हुशार गडी असतो. मेलेल्या माणसांचे हात-पाय, धड, डोकं गोळा करतो आन जोडून अख्खा माणूस बनवतो."

"चालतो का?"

"चालतो, बोलतो. आठ फूट उंच."

"मंग गडी भारी हाय," मी म्हणालो.

मला तो गडी मनापासून आवडला. कारण असलं काम मीही केलं होतं. सहा वर्षांपूर्वी गावात एका बागायतदारानं कडबा बारीक करायची कुट्टी आणली, कारखान्यात बनलेली, लाल रंगाची. सगळा गाव बघायला गेला. मीही गेलो, दोन्ही बाजूंनी निरखली आणि घरी येऊन जाहीर केलं, मी हिच्यापेक्षा जोरात चालणारी बनवतो. माणसं हसली. हसली म्हणूनच बनवली.

उसाच्या मोडक्या चरकाचे दाते, ट्रकच्या पाट्याची दोन पाती, जुन्या नांगराचे पाय, जळलेली मोटार नव्यानं तार भरून घेतलेली. कागदावर एक रेघ मारली नाही. सगळं माप हातानं आणि वितीनं. एक पावसाळा गेला त्यात. उभी राहिली तेव्हा दिसायला भयंकर होती. गल्लीतल्या पोरांनी तिला भूत म्हणायला सुरुवात केली.

पण तिच्यात एक अडचण होती. कडब्याची पेंढी जिथून आत सारतात ते पत्र्याचं तोंड मी लाल यंत्रासारखंच लांब केलं होतं. त्यानं पेंढी आत जायला वेळ लागायचा. लाल यंत्राशी बरोबरी होत होती, पुढं काही जात नव्हती. मला बरोबरी नको होती. मी दीड वीत पत्रा कापून टाकला. मग चावडीपुढं दोन्ही यंत्रं लावली. लाल यंत्राची पाचवी पेंढी चालू होती तेव्हा माझ्या आठ झाल्या होत्या. त्या दिवशी मी फेटा बांधून घरी आलो.

महिन्याभरात आमच्या मंडळींच्या उजव्या हाताची तीन बोटं पेरापाशी तुटली. पेंढी सरकवताना हात आत गेला आणि पाती जवळच होती. दवाखान्यात नेताना मी तिला काय म्हणालो ते इथं लिहितो. मी म्हणालो, "लक्ष कुठं हुतं तुझं?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावून यंत्र नेवाशाकडं तिच्या भावाला देऊन टाकलं. म्हटलं, डोळ्यापुढं नको. पुन्हा कधी बघायलाही गेलो नाही.

तर ओसरीवर मी नातीला विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या गड्याचं?"

"पुढं काय, त्या बनवलेल्यानं डोळं उघडलं आन हा घाबरून पळाला. त्याला नाव सुदिक ठिवलं न्हाई. मंग तो एकटाच फिरतो, लोकं त्याला दगडं मारत्यात. शेवटी तो चिडून या गड्याच्या घरातलीच माणसं मारतो. परीक्षेला हमखास विचारत्यात आबा, खरा राक्षस कोन?"

"त्यात विचारायचं काय? बनवनारा. भेकड कुठला! निस्तरायचं नव्हतं तर बनवायचं कशाला?"

आत भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला. मंडळी आतूनच म्हणाली, "पळाला म्हनू नये बाई. मेव्हण्याला दिलं म्हनावं."

नात खुदकन हसली. मग दारातून आजीचा हात दिसला तशी मान खाली घालून शेंगा फोडायला लागली.

मी तडकलो. "यंत्रात खोट न्हाई!"

"मी कुठं म्हनले खोट हाय? तोंड आखूड हाय, एवढंच म्हनले. सहा वर्सं म्हनतेय." ती पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "परवा भाऊ आल्ता. त्याच्या घरात नवी सून आलीय. रोज ती एकटीच पेंढ्या घालते. वीस वर्साची पोर हाय ती. तिला बी इचारा मंग, लक्ष कुठं हुतं म्हनून."

मी उठलो आणि मागच्या पत्र्याच्या शेडात जाऊन बसलो. तिथं माझं सगळं भंगार असतं. कुणी मागं आलं नाही, हे बरं झालं.

तिथं बसून जे कळलं ते सरळ सांगतो. तोंड आखूड आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कापलं मीच होतं. ते पुन्हा लांब करायला मला अर्धा दिवस पुरला असता. पण लांब केलं असतं तर गावाला कळलं असतं की चावडीपुढची शर्यत पत्रा कापून जिंकली, आणि घराला कळलं असतं की लक्ष तिचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. म्हणून सहा वर्षं "खोट न्हाई" म्हणत राहिलो. त्या पुस्तकातल्या गड्याला काय होणार हे आधी दिसलं नव्हतं. मी तर बोटं उचलून फडक्यात बांधली होती, आणि तरी यंत्र तसंच दुसऱ्याच्या घरी धाडलं.

दुपारी मी घरात गेलो. मंडळी धान्य निवडत होती.

"हात पुढं कर," मी म्हणालो.

"कशाला?"

"माप घ्यायचंय. खांद्यापासून बोटापतूर."

तिनं सवयीनं उजवा पुढं केला. मी म्हणालो, "ह्यो नगं. डावा दे. डावा पुरा हाय."

तिनं माझ्याकडं बघत डावा हात दिला. मी सुतळी धरून माप घेतलं, वर चार बोटं जास्त धरली.

"तवा वंगाळ बोललो मी," मी म्हणालो.

"व्हय, बोल्लात," ती म्हणाली. "पत्रा जाड घ्या. भाऊ धसमुसळा हाय माझा."

दिवस मावळायच्या आत तोंड तयार झालं. नातीनं पत्रा धरला, मी वाकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ही पन्हाळ कुठं नेताय?" मी म्हणालो, "पन्हाळ न्हाई, तोंड हाय," आणि त्याचं वेगळं तिकीट काढलं. शेवगावला गाडी बदलली. मेव्हण्याच्या वस्तीवर पोचलो तेव्हा सून गोठ्यात पेंढ्या सोडतच होती. मी आधी मोटारीची वायर काढली.

मेव्हणा धावत आला. "दाजी, आवो चांगलं चाललंय की! ह्यानं वेग कमी हुईल."

"हुईल."

"अख्ख्या वस्तीत इतकं जोरात कुनाचं चालत न्हाई."

"त्या जोरापायी तुझ्या बहिनीची बोटं गेली. तिची चूक नव्हती. मी तोंड कापलं हुतं."

मी जुनं तोंड खोललं, नवं बसवलं, आठ बोल्ट आवळले. मग सुनेला म्हणालो, "पोरी, हात आत घाल. पार खांद्यापतूर."

"मामा, भ्या वाटतंय."

"वायर माझ्या हातात हाय बघ. घाल."

तिनं घातला. गाल पत्र्याला टेकला तरी बोटं पात्यापर्यंत पोचली नाहीत. मग मी तिच्या नवऱ्याला बोलावलं आणि त्याचाही हात घालून पोचत नाही हे बघितलं, कारण त्याचा लांब होता.