दगडावरचा बाण

दुपारचे दोन. तंबूतली हवा हलायची थांबते आणि रेवती धारप समोरच्या नकाशावरच डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं मुकादम रंगनाथला सांगून ती आत आली आहे. बाहेर बाभळीखाली मजूर भाकरी खाऊन आडवे झालेत. थोड्या वेळानं ते पुन्हा खड्ड्यात उतरतील, साडेतीन मीटर खाली, जिथे काल एका फार जुन्या घराची चूल लागली आहे.

चिंचवणीच्या या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, चाळीस वर्षांपूर्वीही उत्खनन झालं होतं. तेव्हाचा खोल खड्डा सैल मातीनं बुजवलाय. वरून काहीच कळत नाही. तो नेमका कुठे, हे फक्त माणिकराव वाघचौरे यांनी काढलेल्या नकाशावर आहे. दोन वर्षांपूर्वी पाहणी करताना रेवतीनं त्यांनीच बाण कोरलेल्या खुणेच्या दगडापासून मोजून आपला खड्डा जुन्यापासून चार मीटर दूर आखला. मोजणी तिला माणिककाकांनीच शिकवलेली. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं.

कनातीपलीकडे कुणीतरी खाकरतं. रेवती मान उचलू पाहते, ती उचलत नाही, तरी तिला दिसतं. माणिककाका टेबलापलीकडे उभे आहेत. अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर पेन्सिल. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे. तरी ती नकाशावर हात पसरते, परीक्षेत उत्तर झाकावं तशी.

“झाकतेस कशाला? शून्य धर,” ते म्हणतात.

तिच्या हातात पोलादी फितीचं टोक येतं. उत्खननाच्या तळावर आता फीत नसतेच, सगळं यंत्रानं मोजतात. काका फीत उलगडत चालू लागतात आणि ते दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यातून चालतायत. फरशीवर पांढरी माती पसरली आहे. दोन्हीकडच्या खाटा रिकाम्या, चादरी ताणून बसवलेल्या. रेवती सांगू लागते की तिला भेटायला यायचंच होतं, पण त्या आठवड्यात अहवाल द्यायचा होता. फोन वाजत होता तेव्हा ती बैठकीत होती, दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही. काका थांबत नाहीत. मीटरचे आकडे तेवढे सांगत राहतात आणि तिच्याकडे लिहून घ्यायला कागद नाही.

व्हरांडा संपतो तिथे प्रवरेचं पात्र आहे. काका गुडघाभर पाण्यात, फार लांब. आवाज मात्र तिच्या कानाशी.

“दगडावरचा बाण कुठे बघतो?”

“गावाकडे.”

“आणि मी कुठे रोखून कोरला होता?”

तिला उत्तर येतं. उत्तरेकडे, नदीकडे. पहिल्याच दिवशी तिच्या ते ध्यानात आलं होतं. क्षणभर थबकून ती पुढे गेली होती.

“मला वाटलं, तुमचीच चूक असेल.”

“विचारायचं होतंस,” काका म्हणतात. रागानं नाही. “तेव्हा होतो मी.”

आता ती खड्ड्याच्या तळाशी आहे. मजुरांतली शेवंताबाई वाकून चुलीभोवतीची माती ब्रशनं झाडतेय आणि तिच्या पाठीमागची भिंत झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी खालीवर होतेय. रेवती हाक मारू जाते. फीत ताणते. दुसरं टोक भिंतीच्या आत गेलंय.

“दगड कुणीतरी हलवलाय, पोरी. माझा खड्डा तुझ्या भिंतीला लागून आहे.”

फीत तिच्या मुठीतून सर्रकन निघून जाते.

तंबूत उजेड कलला आहे. पाच मिनिटांची चाळीस झालीत. बाहेरून कुदळीचा आवाज येतोय, म्हणजे ते उतरलेत. रेवती अनवाणीच धावत सुटते. खड्ड्याच्या काठापासून दहा पावलांवर मात्र ती थांबते, श्वास आवरते. आरडाओरडा झाला तर खालचे तिघंही एकदम शिडीवर येतील, भिंत हादरेल.

“शेवंताबाई, हत्यारं तिथंच ठेवा. एकेक करून वर या.”

काठावर उभा रंगनाथ म्हणतो की चूल अर्धी उघडी पडली आहे, अजून पंधरा मिनिटं तरी द्या. ती मान हलवते. पहिला वर येतो, मग दुसरा. शेवंताबाई मातीची पाटी घ्यायला मागे वळते.

“पाटी राहू दे. ये.”

बाई शिडी चढते. तिचा पाय काठाला लागतो आणि मागे वाळू ओतल्यासारखा बारीक आवाज होतो. मग पूर्वेची अख्खी भिंत जागच्या जागी खाली बसते. धूळ विरते तेव्हा चूल दिसत नाही, पाटी दिसत नाही. शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या तेवढ्या उरल्यात.

रंगनाथ डोक्याची टोपी काढून हातात धरतो. शेवंताबाई मटक्यातलं पाणी आणून रेवतीपुढे धरते आणि तिची नजर रेवतीच्या हातावर थांबते.

“बाई, रक्त येतंय. कशानं कापलं?”

रेवती मूठ उघडते. तळव्यावर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकच सरळ, बारीक चीर.

“फितीनं,” ती म्हणते.